गाडी कोण चालवतं?

अमेरिकेत मराठी माणसाने मिनीव्हॅन घेतली की ती त्याची फक्त हप्त्यांपुरती राहते. बाकी ती मंडळाची. गणपतीचं मखर न्यायचंय, ढोल न्यायचेत, नाटकाचा सेट, म्हणजे दोन दारं, एक खिडकी आणि कोकणातलं घर वाटावं म्हणून केलेला थर्माकोलचा ओटा, एडिसनहून ब्रिजवॉटरला पोचवायचाय, पुण्याहून आलेल्या गायकाला त्याच्या तबलजीसकट नेवार्क विमानतळावरून उचलायचंय. फोन येतो तोच मुळी "तुमच्याकडे व्हॅन आहे ना?" असा. मंडळात ज्यांच्याकडे सेदान असते त्यांना निवेदन मिळतं. व्हॅनवाल्यांना व्यवस्था.

आम्ही व्हॅन घेतली ती मंडळासाठी नव्हे, हे इथे नोंदवून ठेवते. दोन मुलं, दोघांना कायद्याने कारसीट, आणि दर उन्हाळ्यात पुण्याहून सासू-सासरे. सेदानच्या मागच्या सीटवर दोन कारसीट बसवल्यावर मधे जी फट उरते तिच्यात आपली आई आरामात बसेल, असं माझ्या नवऱ्याचं मत होतं. एक उन्हाळा सासूबाई तशा बसल्या. ऑगस्टमध्ये आम्ही शोरूममध्ये होतो.

विक्रेत्याने बटण दाबलं, सरकतं दार आपसूक उघडलं, आणि तिथेच आमचा निकाल लागला. पुढचं सगळं उगीच. मागची सीट जमिनीत गडप होते, कपहोल्डर मोजता मोजता मुलं दमतात, छतातून पडदा खाली येऊन त्यावर कार्टून दिसतं. गिअरबॉक्सचा विषयही निघाला नाही. मुलगी बघायला गेलेले लोक पोहे खातात, गाणं येतं का विचारतात. यकृत कसं आहे, असं कोणी विचारत नाही.

मिनीव्हॅन ही तशी अलीकडची चीज. पहिली गाडी क्रायस्लरने नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून बाहेर काढली. कल्पना त्याआधी फोर्डमध्ये घोळत होती, पण तिथे ती कोणाला पटेना. ती लावून धरणाऱ्या हॅल स्पर्लिकना आणि पाठोपाठ ली आयकोकांना फोर्डने नारळ दिला. दोघंही बुडायला आलेल्या क्रायस्लरमध्ये गेले आणि याच गाडीने क्रायस्लरला हात दिला. घराच्या गॅरेजमध्ये मावेल इतकी बुटकी, साध्या मोटारीसारखी चालणारी, आणि आत माणसं सात. ग्यानबाची मेख इथेच आहे. साध्या मोटारीसारखी चालावी म्हणून तिचा सांगाडाही मोटारीच्या सांगाड्यावरूनच बेतला. इंजिन आडवं, ओढणारी चाकं पुढची, आणि इंजिनाच्या कडेला जी बोळकांडी उरते तिच्यात गिअरबॉक्स दाटीवाटीने बसवलेला. मोटारीच्या जातीचा हा गिअरबॉक्स मग सात माणसं, त्यांचं सामान आणि थर्माकोलचं कोकण ओढतो.

गाडीबरोबर जे जाडजूड पुस्तक मिळतं, ते मी नंतर वाचलं. दुखणं आल्यावरच ते वाचायचं असतं. त्यात देखभालीचे दोन तक्ते होते, एक 'नॉर्मल' वापरासाठी, दुसरा 'कठीण' वापरासाठी. कठीण वापर कोणता? वारंवार पाच मैलांच्या आतल्या फेऱ्या. थांबत-थांबत चालणारी रहदारी. कडक ऊन. कडाक्याची थंडी. बर्फ वितळवायला मीठ टाकलेले रस्ते. डोंगर. जड सामान. म्हणजे न्यू जर्सी. शाळा, पोहणं, भरतनाट्यम आणि ओक ट्री रोडवरचं वाणसामान यांतलं काहीही आमच्यापासून पाच मैलांच्या बाहेर नाही. मग नॉर्मल वापर कशाला म्हणायचं? सपाट रस्त्यावर, सुखद हवेत, रिकाम्या गाडीतून, कुठेही न थांबता एकट्याने लांबवर जाणं. ज्याचं आयुष्य असं आहे तो मिनीव्हॅन कशाला घेईल? तो मोटारसायकल घेतो आणि केस वाढवतो.

आमच्या गाडीने एकदम दगा दिला असं मी म्हणणार नाही. बिचारीने सूचना दिल्या होत्या. सकाळी ड्राइव्हवेतून मागे घेताना रिव्हर्स टाकला की ती क्षणभर थबकायची, आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी धक्क्याने निघायची. नवरा म्हणाला, थंडी आहे. मे महिना उजाडला तरी ती थबकतच होती. तेव्हा थंडीच्या जागी दमट हवा आली. मग चाळिसाच्या वेगाला गाडीतून एक थरथर यायला लागली. हायवेच्या कडेला झोपलेल्या ड्रायव्हरला जागं करायला ज्या खाचा पाडलेल्या असतात, त्यांवरून चाक जावं तशी. नवरा म्हणाला, गार्डन स्टेट पार्कवेचं काम पुन्हा काढायला हवं. आमच्या घरात गाडीचा दोष कधी निघाला नाही. हवामान, महामार्ग आणि राज्य सरकार यांच्यात तो वाटून दिला गेला.

मी डीलरकडे गाडी नेली. तेव्हा मीटरवर ५२,००० मैल होते आणि वॉरंटी ६०,००० पर्यंत. तिथला तंत्रज्ञ गाडी घेऊन गेला, पार्किंगला एक वळसा घालून आला, आणि कागद हातात पडला: 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार थरथर. तपासणीत आढळली नाही.' ग्राहकाच्या म्हणण्यानुसार! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं म्हणणं इतक्या सभ्यपणे खोटं कोणी ठरवलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सासू-सासरे आले. आता आमच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण इथून पुढे गिअरबॉक्स त्यांचा आहे. बाबांची उभी हयात एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस पुण्याहून नगरला गेली, तिला आपणच शिट्टी मारली होती अशा थाटात ते ती हकिकत सांगतात. तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. बसचं काहीही बिघडून कार्यशाळेत आलं की त्यांचं पहिलं निदान ठरलेलं: "ड्रायव्हरचा पाय क्लचवर." क्लचप्लेट जळाली, तर ते आहेच. पण ब्रेक गेले, डिझेल जास्त लागलं, एकदा म्हणे टपावरचं सामान पडलं, तरी ड्रायव्हरचा पाय क्लचवरच असायचा.

व्हॅनमध्ये ते पहिल्यांदाच पुढे बसले, खाली वाकून नवऱ्याच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, तिसरं पेडल कुठाय?"

"बाबा, ऑटोमॅटिक आहे. क्लच नसतो याला."

"क्लच नसेल तर गिअर बदलतो कसा?"

नवऱ्याने फोनवर एक चित्रफीत लावून दिली. टर्बाइनसारखी पाती असलेला टॉर्क कन्व्हर्टर, मधे सूर्य आणि भोवती ग्रह अशी दातऱ्यांची रचना, आणि त्यातलं कोणतं चाक धरायचं नि कोणतं सोडायचं हे ठरवणाऱ्या, तेलात बुडालेल्या चकत्यांच्या चळती. तेलाच्या दाबाने चळत आवळली की गिअर पडतो, दाब सोडला की सुटतो. बाबांनी ती फीत चष्मा बदलून पुन्हा बघितली. मग म्हणाले, "म्हणजे क्लच आहे. एक सोडून चार आहेत. फक्त तुझ्या ताब्यात नाहीत." ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं याहून नेमकं वर्णन मी आजवर वाचलेलं नाही.

पुण्याहून आईवडील आले की नायगारा चुकत नाही. सहा माणसं, सातव्या सीटवर खाऊ. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि हॉटेलच्या खोलीत गुपचूप लावायला कुकर, कारण "तिकडे पोळी मिळेल, पण वरण-भात?" हा सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता. जुलै महिना, एसी पूर्ण. २८७ वरून ८० नंबरच्या हायवेला लागलो, डेलावेअर वॉटर गॅपचा पूल ओलांडून पेन्सिल्व्हेनियात शिरलो आणि पोकोनोचा चढ सुरू झाला. तो काही खंडाळ्याचा घाट नव्हे. पण लांबलचक आहे, आणि ट्रक उजवीकडे धापा टाकत असतात.

चढाच्या मध्यावर इंजिन ओरडायला लागलं. काटा चार हजारांच्या वर, आणि वेग खाली-खाली. पाय दाबला की आवाज वाढतो, गाडी नाही. आम्ही ट्रकच्या रांगेत गेलो. मग ट्रक आम्हाला ओलांडून जायला लागले.

"स्लिप होतेय," बाबा म्हणाले.

"सेन्सर असेल," नवरा म्हणाला.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, एक जोराचा हिसका बसला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली. आपल्यात काहीतरी मोडलंय असं संगणकाला कळलं की तो बाकीचे गिअर बंद करतो आणि लंगडत का होईना, घरी जाण्यापुरता एक चालू ठेवतो. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, मनाशी आकडे मोजले आणि पुन्हा चालू केलं. दिवा गेला. गाडी सुरळीत निघाली! सॉफ्टवेअरमध्ये पोट भरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज आलं, ते त्याच्या पदवीदान समारंभाच्या फोटोतही नाही. "बघा बाबा, रीस्टार्ट." बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या चढाला दिवा पुन्हा लागला. मग आमचा प्रवास रीस्टार्ट करत-करत स्क्रँटनपर्यंत झाला.

स्क्रँटनला पेट्रोलपंपावर बाबा उतरले आणि बॉनेट उघडायला लावलं. आमच्या गाडीला गिअरतेलाची पट्टी होती. हल्ली बऱ्याच गाड्यांमधून तीही काढून टाकलीय. बघायचंच नाही म्हटल्यावर पट्टी कशाला? बाबांनी पट्टी ओढली, तेलाचा थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, उन्हात धरला. नवीन तेल लालभडक असतं. हे तपकिरी होतं आणि त्यात काळी कणी होती. मग बोट नाकाशी नेलं. त्यांनी माझ्याही नाकाशी नेलं. करपलेल्या दुधाचा आणि जळक्या रबराचा मधला असा काहीतरी तो वास होता.

"प्लेटा गेल्या," बाबा म्हणाले, आणि रुमालाला बोट पुसून रुमालाची घडी खिशात ठेवली. तो रुमाल पुढे आमच्या वॉशिंग मशीनमधून कधीच स्वच्छ निघाला नाही.

व्हॅन टो ट्रकवर चढून घरी गेली. आम्ही भाड्याची गाडी घेऊन नायगाऱ्याला, कारण सासूबाईंनी निघण्यापूर्वी अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलेलं होतं. भाड्याचीही मिनीव्हॅनच मिळाली. ती चढावर झकास पळत होती. भाड्याच्या गाडीला कोणी जपत नाही, आणि म्हणूनच की काय, तिला काही होत नाही. नायगाऱ्याला मुलं भिजली, सासूबाईंनी हात जोडले. बाबांचा जीव मात्र चकत्यांत अडकला होता. त्यांना आवडला तो तिथल्या बागेतला निकोला टेस्लाचा पुतळा. १८९५ मध्ये इथे जे वीजकेंद्र सुरू झालं त्यात टर्बाइनचा दांडा सरळ जनित्राला जोडलेला होता, मधे गिअर नव्हते, हे फलकाशेजारी उभ्या असलेल्या कोणा गृहस्थाकडून कळल्यावर त्यांनी पुतळ्याबरोबर फोटो काढून घेतला. "शहाणा माणूस," म्हणाले.

डीलरकडे पुन्हा मी गेले. मीटरवर ६३,०००. काउंटरमागच्या सर्व्हिस अॅडव्हायझरने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गाडी मुख्यतः कोण चालवतं?"

"मी."

"अच्छा," त्याने टाइप केलं. बराच वेळ टाइप केलं. 'मी' हे लिहायला इतका वेळ लागत नाही.

मग मागे काही ओढता का, बोट, ट्रेलर? नाही. मग वजन? तो माझ्याबरोबर गाडीपाशी आला, मागचं दार उघडलं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेनंतर जागा नसल्यामुळे आमच्याकडेच राहिलेले तीन ढोल, ताशा, पताकांचं पोतं आणि पाटावर बसवलेली लेझीमांची जुडी. तो ढोलांकडे बघत राहिला. "मॅडम, ही गाडी व्यवसायासाठी वापरता का?" मंडळ हा व्यवसाय असता तर मी गिअरबॉक्सबद्दल बोलायला आलेच नसते, पण हे त्याला कसं सांगणार?

अंदाजपत्रक आलं, ५,२०० डॉलर. कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेला गिअरबॉक्स, मजुरीसकट. सासूबाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी मला विचारलं, "अगं, पण आपण आपला जुना देणार ना त्यांना? त्याचे किती धरलेत?" मी विचारलं. धरलेले होते, असं कळलं. जुना परत दिला नाही तर उलट दंड होता. सासूबाईंना ते पटलं नाही. आपण विचारण्याआधीच वजा केलेल्या पैशाला त्या सूट मानत नाहीत. "पुन्हा विचार," म्हणाल्या.

कंपनीच्या ग्राहकसेवेच्या नंबरावर मी दुपारच्या दुपारी घालवल्या. वॉरंटी संपली असली तरी कंपनी कधीकधी सद्भावनेपोटी खर्चाचा वाटा उचलते, ही माहिती मला मंडळातून मिळाली होती. फोनवरची बाई फार गोड होती. आधीच्या थरथरीचा कागद माझ्याकडे आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "त्यात दोष आढळला नाही असंच लिहिलंय ना?" तिचं खरं होतं. कंपनीचाच कागद कंपनीच्याच बाजूने साक्ष देत होता. मग विभागीय अधिकाऱ्याकडे प्रकरण गेलं आणि सद्भावना पोस्टाने आली: पुढची नवी गाडी आमचीच घेतलीत तर १,००० डॉलरची सवलत.

त्या रात्री मी वाचत बसले. रागाने माणूस जेवढं वाचतो तेवढं परीक्षेसाठीही वाचत नाही. तर, गिअरबॉक्स अकाली जाणं हा मिनीव्हॅनच्या घराण्यातला जुना आजार आहे. क्रायस्लरने १९८९ मध्ये संगणकाच्या हुकमतीखालचा चार गिअरचा 'अल्ट्राड्राइव्ह' आणला. नाव रणगाड्याला शोभेल असं, आणि सुरुवातीच्या वर्षांत तो दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसण्याबद्दल गाजला. त्याला त्याचंच तेल लागायचं. नेहमीचं घातलं की तो थरथरायचा. एप्रिल २००४ मध्ये होंडाने ओडिसीसह आपल्या साधारण ११ लाख गाड्या परत बोलावल्या. दुसरा गिअर इतका तापायचा की दात तुटून गिअरबॉक्स जाम होण्याची भीती. कमी चाललेल्या गाड्यांवरचा उपाय वाचून मी खुर्चीत सरळ बसले. त्या गिअरवर तेलाची एक बारीक पिचकारी मारायची व्यवस्था. दातरा तापतोय, पाणी मारा, हे आमच्या बाबांनी फुकट सांगितलं असतं.

उष्णता हेच सगळ्याचं मूळ. मेकॅनिक लोकांचा एक ठोकताळा आहे की गिअरतेल साधारण ८० अंश सेल्सियसच्या वर गेलं की पुढच्या दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. तेल करपलं की त्याचा दाब आणि पकड जाते, चकत्या घसरतात, घसरल्या की आणखी तापतात, तापल्या की तेल आणखी करपतं. पोकोनोच्या चढावर सहा माणसं, एसी आणि कुकर यांनी मिळून काय केलं असेल, याचं गणित मुलाच्या वहीत मांडून मी झोपले. लाखो गाड्या परत येतात, कारखाने पिचकाऱ्या बसवतात, तरी काउंटरवरचा पहिला प्रश्न गाडी कोण चालवतं हाच. गिअरबॉक्सला ज्याने बोळकांडीत कोंबून ठेवलं त्याचं नाव त्या फॉर्ममध्ये लिहायला जागाच नाही.

मंडळाच्या पॉटलकमध्ये शोकसभा भरली. गिअरबॉक्सबद्दल प्रत्येक मराठी पुरुषाला जन्मतःच मत असतं, असं दिसतं. एकाने सांगितलं, दर ३०,००० मैलांना तेल बदलायलाच हवं. दुसऱ्याने सांगितलं, जुन्या गाडीचं तेल बदललं की दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स बसतो, माझ्या मेहुण्याचा बसला. तिसऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की दोघांचंही बरोबर आहे. एक जण म्हणाला, जपानी घ्यायला हवी होती. माझ्या पर्समध्ये ११ लाखांचा आकडा होता, पण त्याच्या बायकोने श्रीखंड चांगलं केलं होतं म्हणून मी तो बाहेर काढला नाही. आणि मग मंडळाचे सचिव, ज्यांच्या सांगण्यावरून ते तीन ढोल माझ्या गाडीत राहत होते, पुरीचा घास तोडता तोडता म्हणाले, "पण गाडी चालवतं कोण? वहिनी का?"

शेवटी आम्ही गेलो ते लिंडनच्या बाजूला असलेल्या एका ट्रान्समिशनच्या दुकानात. मालक पोर्तुगीज म्हातारा, इंग्रजी बेताचं. बाबांचं इंग्रजी त्याहून बेताचं. मी दुभाषी म्हणून मधे उभी राहिले आणि पाच मिनिटांत निरुपयोगी ठरले. म्हाताऱ्याने गिअरबॉक्सच्या तळाचं पॅन उघडून आणलं. तळाशी चिकटलेल्या गोल लोहचुंबकावर करड्या रंगाचा लगदा होता. म्हाताऱ्याने तो बोटाने पसरला आणि मान हलवली. बारीक आहे, एवढा चालायचाच. बाबांनी मान हलवली. मग पॅनच्या कोपऱ्यात साचलेले काळे पापुद्रे त्याने नखाने उचलले. दोघांनी एकाच वेळी "च्च" केलं. हा आवाज दोन्ही भाषांत सारखाच निघतो.

गिअरबॉक्स खोलल्यावर त्याने आम्हाला पुन्हा बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलावर चकत्या मांडलेल्या होत्या, एक पोलादाची, एक अस्तराची, एक पोलादाची, एक अस्तराची. पोलादी चकत्यांवर तापून आलेले निळे-जांभळे पट्टे. अस्तराच्या चकत्यांवरचं अस्तर मात्र गायब, खालचं पोलाद उघडं, आणि जिथे थोडं शिल्लक होतं ते नख लावलं की कोळशासारखं सुटत होतं. म्हाताऱ्याने हातात एक चळत धरून तिची जाडी अंगठा नि तर्जनीत दाखवली, मग बाहेर उभ्या असलेल्या व्हॅनकडे बोट केलं, मग पुन्हा अंगठा नि तर्जनी. एवढ्याशा चळतीवर एवढी मोठी गाडी. या मॉडेलच्या अशा किती येतात, म्हणून मी विचारलं, तर त्याने भिंतीकडे हात केला. तिथे पाच गिअरबॉक्स रांगेत ठेवलेले होते. चार जुळ्या भावंडांसारखे दिसत होते.

गाडी कोण चालवतं, हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही. मी वाट बघत होते. उत्तरही तयार केलं होतं.

२,८०० डॉलरमध्ये काम झालं. नव्या चकत्या, नवं तेल, आणि रेडिएटरच्या पुढे तेल गार करायला एक वेगळी जाळी. ती कारखान्यातूनच बसवून द्यायला हरकत नव्हती, असं म्हातारा हातवाऱ्यांनी म्हणाला. निदान मी तसं समजले. सासूबाईंनी इथेही जुन्या भागांचे किती, म्हणून विचारायला लावलं. म्हाताऱ्याने हसून एक जळकी चकती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाबांच्या हातात दिली. फुकट. सासूबाईंच्या मते हा व्यवहार डीलरपेक्षा सरळ होता.

ती चकती बाबांनी पुण्याला नेली. मी आणि नवरा, दोघांनीही समजावून बघितलं. पण ती बॅगेत कपड्यांच्या मधोमध, केशर-बदामाच्या डब्याखाली ठेवून ते गेले. नेवार्कला बॅग उघडून तपासली गेल्याची छापील चिठ्ठी आत निघाली. मुंबईला कस्टमवाल्याने विचारलं, हे काय. बाबांनी सांगितलं. त्यांनी टॉर्क कन्व्हर्टरपासून सुरुवात केली असणार, कारण सासूबाईंच्या म्हणण्यानुसार बाकीचे प्रवासी निघून गेले आणि शेवटी कस्टमवाल्यानेच "आजोबा, तुम्ही जा" म्हणून हात जोडले.

दापोडीचे निवृत्त लोक दर रविवारी सकाळी एका हॉटेलात जमतात. बाबांनी पहिल्याच रविवारी चकती नेली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"सगळ्यांनी बघितली. वास घेतला. चहा दोनदा झाला," बाबा म्हणाले. "मग एकमताने निर्णय झाला."

"काय निर्णय?" नवऱ्याने विचारलं.

"ड्रायव्हरचा पाय क्लचवर."

"अहो बाबा, पण त्या गाडीला क्लचचं पेडलच नाहीये."

"ते मी सांगितलं ना त्यांना."

"मग?"

"मग म्हणाले, पेडल नसताना ज्याने प्लेट जाळली, तो ड्रायव्हर पोचलेला असणार."